तज्ज्ञाची वही

“पाय आळशी, पण ठोसा दणकट,” असा शेरा लिहून मी पाचवी बॉक्सर निवडली आणि वही मिटली.

जिल्हा स्पर्धेच्या आधी क्लबमधले आम्ही पालक फॅन्टसी लीग खेळतो. प्रत्येकाने पाच मुली निवडायच्या. ज्याच्या मुली जास्त लढती जिंकतील, तो पालक पहिला. मी आयुष्यात ठोसा सोडाच, डासही नीट मारलेला नाही. तरी सगळे मला तज्ज्ञ म्हणतात, कारण मीच तसं सांगून ठेवलंय.

आमची शाल्मलीही स्पर्धेत होती. तिला मात्र मी घेतलं नाही. तज्ज्ञाने पोटच्या पोरीला झुकतं माप देऊ नये. तिच्या नावापुढे लिहिलं, ‘दमली की डावा हात खाली येतो. पहिल्याच लढतीत बाहेर.’

माझ्या पाचही जणी दुपारपर्यंत हरल्या. शाल्मलीने सुवर्णपदक मिळवलं. लीग जिंकली तिची आई, जिला जॅब आणि हुक या ठोशांतला फरक अजून कळत नाही. तिने आपल्या पाच जणींत शाल्मलीला कर्णधार केलं होतं. कारण लिहिलं होतं, ‘हट्टी आहे.’

मी शाल्मलीच्या हाताची पट्टी सोडवत होतो, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तुमची वही वाचली होती मी.”

“अगं, ते आपलं खेळातलं...”

“एकदाही डावा हात खाली येऊ दिला नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीही मला घेऊ नका हं.”