पायाकडचा दोरा

प्रार्थनाघराच्या निवाऱ्यात बेघरांना पांघरुणं वाटायचं काम त्याची बायको करायची. धुऊन आलेल्या पांघरुणाची पायाकडची बाजू कुणाच्या तोंडावर येऊ नये, म्हणून ती त्या टोकाला लाल दोरा घालायची. तो चेष्टेनं म्हणायचा, "थंडीला कसली गं बाजू?" "उघड्यावर झोपतो म्हणून माणसाला तोंड नसतं का?" ती दातांनी दोरा तोडत म्हणायची. ती वारल्यावर वाटपाचं काम त्यानं घेतलं; तिचं स्वतःचं पांघरूण मात्र न धुता घरी जपलं. आज पांघरुणं कमी पडली, तेव्हा मन घट्ट करून तो तेच घेऊन आला. रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्यानं टोकं चाचपली. "भाऊ, वहिनींनी याला दोरा घातलाच नाही. तोंडाकडची बाजू कुठली?" त्यानं दोन्ही टोकं नाकाशी नेली. एकाला अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. "ही," तो म्हणाला आणि दुसऱ्या टोकाला लाल दोरा घालायला बसला.