रोमचे भित्रे इतिहासकार

कतारमध्ये, लुसैल शहरातल्या एका फ्लॅटमध्ये मराठी मंडळाचा वाचनकट्टा भरला होता. एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर असलेल्या धवल देवस्थळीनं तिथे रोमन इतिहासकारांची चांगलीच सालटी काढली. "शहर जळालं आणि आळ कुणावर? ज्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, त्यांच्यावर. ब्र काढला की हद्दपार. आणि हे लेखक खरं कधी लिहिणार, तर सम्राट मेल्यावर. सगळे शेपूटघाले." टाळ्या पडल्या. वड्यांची दुसरी फेरीही आधी त्याच्याकडेच आली.

परतताना गाडीत बायकोनं, अंतरानं विचारलं, "तुमच्या गोदामाच्या आगीचा रिपोर्ट गेला का रे?"

"कालच. वॉचमनच्या विडीनं लागली."

"अरे, ते वायरिंग बदला म्हणून तूच वर्षभर साहेबांच्या मागे लागला होतास ना? त्या वॉचमनला कुणी विचारलं तरी का?"

"विचारायला तो आहे कुठे? परवाच काठमांडूच्या विमानात बसवला."

अंतरा त्याच्याकडे वळली. "मग खरं कधी लिहिणार?"

"लिहिणार तर," धवल म्हणाला. "साहेब एकदा रिटायर होऊ देत, इन्शाल्ला."