अंगाच्या उबेत

"लाल ठिपके कुठे गेले, ताई?" रंगाऱ्याने विचारलं.

समोर संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचा नकाशा होता. गेल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या याच स्टुलावर बसवून संशोधक ताईने त्याला तो समजावून दिला होता. ठिपका म्हणजे काय, तर एक पेशी. स्नायूचा तुकडा घ्यायचा, त्यातली पेशीन् पेशी सुटी करायची आणि तिच्या पोटात त्या घडीला कोणकोणती जनुकं जागी आहेत, ते यंत्राकडून वाचून घ्यायचं. हजारो पेशी, प्रत्येकीत हजारो जनुकं. माणसाच्या डोळ्यांना हे सात जन्मांत झालं नसतं. ज्यांचं अंतरंग सारखं, त्या पेशी नकाशात एकमेकींना बिलगून बसतात. आणि एका कोपऱ्यात लाल ठिपक्यांचं बेट होतं. निरोगी माणसांत ते कुठेच नव्हतं. होतं ते रंगाऱ्याच्या मुलीत आणि तिच्यासारख्या, पायांतलं बळ आटत चाललेल्या मुलांत. "चोर सापडला, दादा," ताई तेव्हा म्हणाली होती. रंगाऱ्याने अख्ख्या प्रयोगशाळेला चहा पाजला होता.

आज तो कोपरा रिकामा होता.

"औषध लागू पडलं की काय? न देताच?" तो हसला. ताई हसली नाही, तेव्हा त्यानेही हसू आवरलं.

"चूक झाली, दादा."

"यंत्राची?"

"नाही. त्याला जे दिलं ते त्याने नीट वाचलं. देताना आम्ही चुकलो."

मग तिने सांगायला घेतलं. निरोगी माणसांचे तुकडे परगावाहून बर्फात यायचे. ते थंड ठेवूनच त्यांतल्या पेशी सुट्या केल्या जायच्या. मुलांचे मात्र इथल्याच ऑपरेशनच्या खोलीतून, ताजे यायचे. लेकरांचे ते, म्हणून त्यांना जास्त जपायचं ठरलं. बर्फ नको, बिचाऱ्या पेशी गारठतील, त्यांना अंगाच्या उबेत ठेवा. हे ताईनेच ठरवलं होतं. पण उबेतली पेशी जागी राहते. तिला शेजारणींपासून तोडणारं द्रावण वर ओतलं, की तिला ते कळतं. संकटात जी जनुकं जागी व्हायची ती सगळी जागी झाली आणि यंत्राने ती इमानाने टिपून घेतली.

"गेल्या महिन्यात एका धडधाकट माणसाचा ताजा तुकडा तसाच उबेत ठेवून पाहिला," ताई म्हणाली. "लाल बेट उगवलं. मग मुलांच्या नकाशातून या संकटाच्या खुणा काढून टाकल्या. बेट गेलं."

"म्हणजे त्या लाल पेशी आजारी नव्हत्या?"

"आजारी असतीलही. पण आम्हाला दिसलं ते आजाराचं नव्हतं. घाबरल्या होत्या त्या."

"कुणाला?"

"आम्हाला."

बाहेर व्हरांड्यात त्याची मुलगी पहारेकऱ्याशी वाद घालत होती. "काका, तुमच्या खुर्चीला चाकं नाहीत? मग बसून उपयोग काय!" पहारेकरी मोठ्याने हसला. रंगाऱ्याने दाराकडे पाहिलं.

"घाबरली तर तीही होती," तो म्हणाला. "भुलीची सुई टोचताना मीच हात दाबून धरलेला. म्हटलं, साहेब, एवढं सोसा, मग आपल्याला पळायचंय."

घरात तिला सगळे साहेबच म्हणत.

मग तो एकदम सरसावून बसला. "बरं, झालं ते झालं. आता बर्फात करा. त्या तुकड्यातलं उरलं असेल की थोडं?"

"पेशी वाचायची तर ती फोडावी लागते. काही उरलं नाही."

"मग दुसरा घ्या. साहेब बाहेरच आहेत, मी समजावतो."

हे तो म्हणणार, हे ताईला सकाळपासून माहीत होतं. कालच आलेली मुलीच्या पायांच्या स्कॅनची चित्रं तिने पडद्यावर लावली. कुठे काय बघायचं ते रंगाऱ्याला उमगेना, म्हणून तिने बोट ठेवून दाखवलं. "हे पांढरं सगळं चरबी आहे, दादा. मांडीतही तेच, पोटरीतही तेच. कापून घ्यावा असा स्नायू पायांत राहिलाच नाही. छातीकडे आहे थोडा. तो श्वासाला लागतो."

"पोरांची काय कमी आहे? दुसऱ्या कोणाचा तरी…" आपण काय बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो थांबला.

"घेऊच," ताई हलकेच म्हणाली. "नवी मुलं येतील. सगळं पहिल्यापासून करू. पण त्यात वर्षं जातील."

"तोवर साहेब…?"

ताईने पडदा बंद केला. बंद करून काय साधलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

रंगारी वाकला आणि डाव्या पायाची पँट दुमडू लागला. एक घडी, मग दुसरी, पार गुडघ्यापर्यंत. "माझा घ्या. शिडीवर उभं राहून राहून दगड झालाय बघा. तिच्या अंगात आहे ते माझंच आहे की."

"तुमच्यात तो आजार नाही, दादा. तुमच्या तुकड्यातून तिचं काही कळणार नाही."

"कळेल, कळेल. एकदा घेऊन तर बघा. आणि उबेत ठेवा नाहीतर बर्फात, मी काही घाबरत नाही."

पँट खाली घ्या, असं म्हणायला ताईने दोनदा तोंड उघडलं. रंगारी पाय पुढे करून बसूनच राहिला. पोटरीवर चुन्याचे वाळलेले शिंतोडे होते, आणि ती आपसूक थरथरत होती.