सांत्वनाला

"नोकरी हवी असेल तर जुन्या ओळखी जपा, लोकांच्या सुखदुःखात हजर राहा," असं ऑनलाइन शिबिरातल्या तज्ज्ञाने बजावलं होतं. चार महिने घरी बसलेल्या यतीनला सुखाचं आमंत्रण कुणी देईना, म्हणून त्याने दुःखापासून सुरुवात केली. त्याचे जुने साहेब चुरी सर वारले होते, आणि सरांचे धाकटे भाऊ एका मोठ्या औषध कंपनीत माणसं नेमायच्या जागेवर होते. कित्येक वर्षांत सरांना साधा फोनही न केलेला यतीन पांढरा शर्ट घालून जेसल पार्कच्या त्यांच्या घरी पोहोचला.

"काकू, सरांनी मला मुलासारखं सांभाळलं हो," सरांच्या पत्नीसमोर, हंसाकाकूंसमोर, त्याने रुमाल डोळ्यांना लावला. मग जरा थांबून हळूच विचारलं, "धाकट्या काकांनी फार मनाला लावून घेतलं असेल ना? ते भेटतील का इथे?"

काकूंनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.



"भाऊजी रविवारी येतात. तुझा बायोडाटा त्या टीपॉयवरच्या गठ्ठ्यात ठेव, पण सगळ्यांत खाली. तुझ्याआधी रडून गेलेल्यांचे वर आहेत."