शेऱ्याचा रकाना

साहेबांनी तिसरं रजिस्टर उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "पंप क्रमांक दोन सकाळपासून कुरकुरतो आहे. उंटाने आल्या आल्या आधी तोच बघावा. स्वभाव जुळतात."

पंपचालकाने मान खाली घातली. शहराच्या पंपघरात तो सकाळपाळीला असायचा आणि ज्याला तो उंट म्हणायचा तो दुपारपाळीला. पाळी बदलताना दोघांची गाठ पडायची ती जेमतेम पाच मिनिटं. बाकी सगळी मैत्री रजिस्टरातल्या शेऱ्याच्या रकान्यात झाली होती. महिन्यापूर्वी उंट अचानक गेला. तेव्हापासून पंपचालक त्या रकान्यात 'ठीक' एवढंच लिहायचा, आणि तेही त्याच्याच्याने लिहवत नसे.

साहेब नवे होते. जुनी रजिस्टरं आजवर कुणी उघडली नव्हती, यांनी सगळी उघडली. "सरकारी कागदावर अठरा वर्षं एका सहकाऱ्याचा लेखी छळ!" ते म्हणाले. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. मी आज तुम्हाला निलंबित करू शकतो."

नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण आपण आपल्या मित्राला छळलं असं कागदावर कायमचं राहणार, हे पंपचालकाला सहन होईना. "साहेब, तोही लिहायचा की," तो कसाबसा बोलला.

"तेच म्हणतोय मी. बिचाऱ्याला उत्तरं द्यावी लागायची!"

साक्षीला साहेबांनी उंटाच्या बायकोलाच बोलावलं होतं. मांडीवरची पर्स घट्ट धरून ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. पंपचालकाने तिला याआधी एकदाच पाहिलं होतं, उंट गेला त्या दिवशी.

"बाई, तुमच्या नवऱ्याबद्दल काय काय लिहिलंय ते ऐका, आणि घरी येऊन ते काय सांगायचे तेवढं मला सांगा." साहेबांनी पान उलटलं. "आज उंट दहा मिनिटं उशिरा आला. मान वेळेवर पोचली होती, पाय मागून आले."

खाली उंटाचं उत्तर होतं. "बेडकास कळावे की मी वेळेवरच आलो होतो. टेबलामागे कुणी दिसलं नाही म्हणून परत गेलो."

बाईने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलायला लागले. साहेबांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि आवाज चढवून पुढचा शेरा घेतला. "बेडूक दोन दिवस रजेवर होता. पंपघरात शांतता होती. टाकीसुद्धा वेळेवर भरली. त्याने असली रजा पुन्हा घेऊ नये. करमत नाही."

शेवटच्या दोन शब्दांवर साहेबांचा आवाज आपोआप उतरला. त्यांनी रजिस्टर अर्धवट मिटलं.

पंपचालकाने हात जोडले. "वहिनी, चुकलं माझं. तो घरी कधी काही बोलला असेल तर..."

बाईने तोंडावरचा हात काढला. ती हसत होती, आणि डोळेही वाहत होते. "भावजी, घरी ते बोलायचे कुठे? जेवणार का म्हटलं की हं. बरं वाटतंय का म्हटलं की हं. तीस वर्षं मी एका हुंकाराशी संसार केला."

मग तिने खुर्ची ओढत थेट टेबलाशी आणली.

"साहेब, पहिल्या रजिस्टरापासून वाचा. आणि जरा सावकाश. माझा नवरा बोलतो कसा, ते मी आज पहिल्यांदा ऐकतेय."