घळीतले शिकारी

घळीतली सापळ्याची बाटली आजही फुकट गेली. आत सालकिडे भरपूर, पण त्यांना खाणारा लाल किडा औषधालाही नाही!

नीरजाने कपाळाला हात लावला. ती डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि गेले तीन महिने मलंगगडाच्या उतारावर या किड्यांच्या मागे लागलेली. सालकिडा आंब्याची साल पोखरतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. लाल किडा या सालकिड्याला मटकावतो. माथ्यावरच्या बाटल्या ती स्वतः दर रविवारी काढायची, त्यांत हा शिकारी असायचा. घळीतल्या बाटल्या रोज गुणाजीकाका बघायचे, कारण घळ त्यांच्या दारातच आणि गुडघे काही चढ मानत नव्हते. तिथे मात्र शिकारी कधीच नाही. अहवाल उद्या वनखात्याला जायचा होता. तिने लिहून टाकलं, कीड वर चढण्याआधी घळीतली झाडं तोडावीत.

"तोडणार?" गुणाजी मटकन खाली बसले. "सगळीच्या सगळी? ताई, आमच्या आजाने लावलेले आंबे आहेत हे."

नीरजाला त्यांच्याकडे बघवेना. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने माथ्यावरून नुकतीच आणलेली बाटली कागदावर उपडी केली. सात लाल किडे निघाले. पाचांच्या पाठीवर निळा ठिपका!

"अरेच्चा, हे काय?"

गुणाजी वाकले आणि एकदम ओशाळले. "रागावू नका हां. ते आमच्या नातीचं नेलपॉलिश आहे."

"किड्यांना?"

"खालच्या बाटलीत रोज ढीगभर पडायचे हे. तुम्हीच म्हणालेलात ना, लाल किडा आपल्या बाजूचा. मग आपल्या माणसाला कोंडायचं कशाला? मी आपला सोडून द्यायचो. तोच येडा परत पडतो का बघायला या आठवड्यात ठिपके लावले. पण मेले परत येतच नाहीत!"

नीरजाने पुन्हा मोजले. ठिपका लागला खाली, सापडले माथ्यावर! घळीत सावली, ओल, गारवा. शिकारी इथेच वाढत होते आणि इथूनच तो तापलेला माथा राखायला वर चढत होते. घळ तोडली असती तर मागोमाग अख्खा डोंगर वाळला असता, आणि तोही तिच्या सहीने! तिने अहवालाचं पान टराटरा फाडलं.

"काका, तुम्ही माझ्या प्रयोगाचं पार वाटोळं केलंत," ती म्हणाली आणि तिथेच ओल्या पाचोळ्यात वाकून त्यांच्या पाया पडली.