ठरलेला प्रश्न

"हे बघ, 'अहो' नाही, 'सर' म्हणायचं. आणि ठरलेला प्रश्न सोडून एक अक्षर जास्त बोलायचं नाही," सरांनी बायकोला पुन्हा बजावलं. तिच्या हातात फोन कोंबला, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि स्वतः लॅपटॉपसमोर जाऊन बसले. वर इस्त्रीचा शर्ट, टाय. खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

आजचा विषय होता, ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं. ऐकणारे सगळे उद्याचे शिक्षक. वर्ग सुरू झाल्यापासून ही मंडळी मूग गिळून बसलेली, कारण सर एकदा आपलं घोडं दामटायला लागले की थांबायचं नाव नाही. पण आज प्राचार्या मॅडम वर्ग बघायला येणार होत्या. वर्ग बोलता दिसला तर सरांची नोकरी कायम, नाहीतर नारळ. म्हणून ही घरचीच विद्यार्थिनी. कॅमेरा बंद, चौकटीत फक्त 'नवीन प्रवेश' एवढीच अक्षरं.

ती ओट्याला टेकून फोनमध्ये बघत राहिली. सरांच्या मागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट दिसत होतं. चित्रातलं. खऱ्या भिंतीपाशी दोरीवर त्यांचे मोजे वाळत होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या माणसानं तिला बोलायला सांगितलं होतं, तेही दुसऱ्या खोलीत बसवून. तिला त्याची किळसही आली आणि हसूही.

"मित्रांनो, बोला! मोकळेपणानं बोला!" सर म्हणाले. कुणी हूं की चूं केलं नाही. सर खाकरले. ही ठरलेली खूण होती.

तिनं पडद्यावरचा हात वर केला. "सर, लाजऱ्या विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं?"

"वा! फार सुंदर प्रश्न!" सरांचा चेहरा असा खुलला, जणू हा प्रश्न ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. "आधी त्यांची भीती घालवा. चुकीचं बोलले तरी हसू नका. मध्येच तोडू नका. प्रत्येकाला वाटलं पाहिजे, की माझ्या शब्दाला इथं किंमत आहे."

ती ऐकत होती. कालच जेवताना तिनं टीव्हीवरच्या बातमीवर काहीतरी म्हटलं, तेव्हा 'तुला काय कळतंय' म्हणून याच तोंडानं तिला गप्प केलं होतं.

"छान चाललंय, सर," प्राचार्या मॅडम म्हणाल्या. "या विद्यार्थिनीला आणखी काही विचारायचंय का?"

सरांनी घाईघाईनं मान हलवली. "नाही, नाही, तिचं झालं."

"विचारायचंय, सर," ती म्हणाली. "त्यांना गप्प बसायची सवय लावली कुणी?"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला!" सर कडाडले. "सांगितलंय तेवढंच बोलता येत नाही का तुला?"

आवाज बंद दारातून आत शिरला, तिच्या फोननं तो उचलला, आणि साऱ्या वर्गाला तेच वाक्य पुन्हा एकदा ऐकू आलं.

वर्ग तसा गप्पच होता, पण आता तो ऐकत होता. पेंगणारी डोकी वर झाली. मॅडमनी चष्मा काढला.

"सर, विद्यार्थिनीशी असं बोलता तुम्ही?"

सरांनी टाय सैल केला. नोकरी हातची जाताना दिसू लागली, आणि ती वाचवायला त्यांना जगातलं सगळ्यात सोपं कारण सापडलं. ते मनापासून हसले.

"छे, छे, मॅडम! गैरसमज होतोय. विद्यार्थिनी नाही हो ती. बायको आहे माझी!"

दाराआडून तेही वाक्य परतून आलं. बायको आहे माझी.

मग कोपऱ्यातल्या एका चौकटीत हात वर झाला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता सगळा पडदा पिवळ्या हातांनी भरून गेला. इतक्या दिवसांत हा वर्ग असा बोलायला कधी उठला नव्हता.

"थांबा," स्वयंपाकघरातून शांत आवाज आला. "सर, आधी माझा प्रश्न राहिलाय."